पहिल्या नंबरला टाकलेली जागा

आज गुरुवार. दत्ताची आरती झाली, सगळ्यांचे डबे गेले, आणि आता जरा हात मोकळा आहे. हर्षालीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

हर्षाली माझी धाकटी जाऊ. पुण्याजवळ चऱ्होलीत आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो. ती ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर असते. एरवी हसरी बाई, पण बारावीचे निकाल लागले की तिचा चेहराच बदलतो. संध्याकाळी स्कूटी लावून वर येते आणि ओट्याला टेकून उभी राहते.

"चहा टाकू?"

"टाका ताई. फक्त बोलायला लावू नका."

आणि चहा उकळायच्या आत स्वतःच बोलायला लागते. माहेर मराठवाड्यातलं, अहमदपूरकडचं, दमली की तिकडची बोली वर येते. "काय सांगू ताई, पोरं नुसती एआय एआय करायलेत. एकाला विचारलं, त्यात शिकवतात काय रे? तर म्हणतो, लॅपटॉपवरच असतं ना सगळं, उन्हात जायचं नाही. दुसऱ्याला विचारलं, तर त्यानं आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं."

परवा चाकणकडचे एक गृहस्थ आले होते. स्वतः कंपनीत ऑपरेटर. मुलाला मेकॅनिकल सहज मिळत होतं. ते म्हणाले, "मॅडम, ते सोडून काहीपण द्या. आमची जिंदगी ऑइलच्या वासात गेली. उद्या पोराला पोरगी कोण देईल?" पोरगा सतरा वर्षांचा! हर्षाली म्हणाली, "दादा, आधी बारावीचं मार्कशीट द्या. पत्रिका मागनं बघू." लाइनीतली माणसं हसली. ती मात्र हसली नाही.

तिला ते लागतं, कारण तिचा स्वतःचा डिप्लोमा मेकॅनिकलचा. लग्नाआधी चाकणच्या कंपनीत पार्ट तपासायला होती. केसाएवढा फरक बोटाला कळायचा म्हणे. लेकरू झाल्यावर रात्रपाळी जमेना, म्हणून कंपनी सोडली आणि या काउंटरवर आली. आमच्या आजूबाजूला पोटं भरताहेत ती याच कारखान्यांवर. पण पोरांना त्याचं नावसुद्धा नको.

यंदा आमच्याच घरात बारावी आणि सीईटी होती. माझी सृष्टी. मार्क चांगले पडले, आमच्या अपेक्षेपेक्षा चांगले. पोरीला पहिल्यापासून वस्तू खोलून बघायची खोड. घरातला मिक्सर असो नाहीतर सासूबाईंची शिलाई मशीन, तिनं खोलून परत बसवलेली आहे. हर्षाली एका रविवारी तिला घेऊन बसली. म्हणाली, "पुण्याच्या सरकारी कॉलेजचं मेकॅनिकल पहिलं टाक. तुझ्या मार्कांना मिळतंय. बाकीचं त्याच्या खाली."

सृष्टी म्हणाली, "काकू, तू केलंस ना मेकॅनिकल? मग काउंटरवर का बसलीस?"

हर्षाली उठली आणि गॅलरीतले कपडे काढायला गेली. मी सृष्टीला रागावले, पण शब्द गेला तो गेला.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. सृष्टी आणि सोसायटीतल्या तिच्या दोघी मैत्रिणींनी ठरवलं होतं, एकच कॉलेज, एकच ब्रांच, एकाच बसनं जायचं. मग तिघींनी त्यातल्या तेजस्विनीच्या घरी बसून एकाच यादीवरून आपापले फॉर्म भरले. यादी केलेली तेजस्विनीच्या मार्कांवर, आणि ते सृष्टीपेक्षा बरेच कमी. पहिल्या नंबरला टाकलं हर्षालीच्याच कॉलेजचं एआय. पुण्याचं सरकारी कॉलेज कुठेच नाही.

हर्षाली म्हणाली, "फॉर्म दाखव बरं."

"लॉक केला काकू."

हर्षालीनं डोळे मिटले. मी माऊलीचं नाव घेतलं.

पहिल्या फेरीचा निकाल आला. एआयची जागा सृष्टीला मिळाली, आणि एकटीलाच. तेजस्विनी आणि दुसरी थोड्या मार्कांनी राहिल्या. पुढच्या फेरीसाठी त्या दोघींनी नवी यादी केली, सृष्टीला न विचारता. पोरगी दिवसभर उशीत तोंड खुपसून पडली. मग म्हणायला लागली, मला हे नकोच, मी पुढच्या फेरीत सरकारीचं टाकते.

तसं होत नाही. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं मिळालं की ते घ्यायचंच. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. हे हर्षालीनं आम्हाला आधीच सांगितलं होतं, पण तेव्हा ऐकतंय कोण.

आईचा जीव राहत नाही. मी हर्षालीला हळूच म्हटलं, "अगं, तू तिथंच बसतेस. साहेबांना सांगून काहीतरी बघ ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुम्हीपण? दिवसभर हेच ऐकते मी. कुणाचा मामा नगरसेवक, कुणाचा काका ट्रस्टी. माझ्या हातात शिक्का आहे फक्त."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जागा घ्यायच्या शेवटच्या दिवशी मी सृष्टीला घेऊन हर्षालीच्या कॉलेजात गेले. टोकन घेतलं, सगळ्यांसारख्या बसलो. नंबर आल्यावर हर्षालीनं दाखले तपासले, जणू आम्ही कुणी परके. सृष्टी वाकून कुजबुजली, "काकू, सोडून दिलं तर?"

"तर शेवटी कॉलेजांकडं ज्या जागा उरतात त्यात मिळेल ते. नाहीतर पुढच्या वर्षी परत सीईटी."

"तूच सांग ना काय करू."

"मी सांगितलं होतं. आता तुझं तू ठरव."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, उरका की! आमाला सेकंड शिफ्ट हाय."

सृष्टीनं माझ्याकडे बघितलं. मी मनात नाम घेत होते. मला तरी काय कळतंय त्यातलं. पोरीनं जागा घेतल्याची सही केली. हर्षालीनं शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला.

संध्याकाळी हर्षाली घरी आली ती सरळ दिवाणावर आडवी झाली. पायातले मोजेही काढले नाहीत. सृष्टी बराच वेळ दारात घुटमळत होती.

"काकू, नंतर ब्रांच बदलता येते का गं?"

"येते. पहिल्या वर्षाला चांगले मार्क पाड. दुसऱ्या वर्षी जिथं जागा रिकामी असेल तिथं जाता येतं, आपल्याच कॉलेजात."

"मेकॅनिकलला रिकामी असेल?"

हर्षाली डोळे न उघडताच हसली. "तिथं रिकाम्याच असतात बाई. कुणी येत नाही."

"मग मी—"

"आत्ता नको. आत्ताच्या आत्ता परत मन बदलू नकोस. वर्षभर बस, काय शिकवतात ते बघ. वर्कशॉपचा तास सगळ्यांना असतो, तो बुडवू नकोस. मग वाटलं तर ये."

"तू असशील काउंटरवर?"

"मी कुठं जातेय?"

सृष्टी तिच्या पायाशी बसली आणि मोजे काढायला लागली. हर्षाली "असू दे, असू दे" म्हणाली, पण पाय काही ओढून घेतले नाहीत. मी चहा घेऊन आले तोवर तिचा डोळा लागला होता. उद्यापासून दुसऱ्या फेरीची लाइन.