एकमताने मंजूर

नव्वदच्या दशकात कुवेतमधल्या आम्ही अकरा मराठी इंजिनियरांनी ठरवलं, की निवृत्तीनंतर नाशिकजवळ आपला स्वतःचा वृद्धाश्रम काढायचा. मुलं अमेरिकेला जाणार, हे तेव्हाच दिसत होतं. शुक्रवारी अबू हलीफा या वस्तीत माझ्या घरी बैठक व्हायची. सेक्रेटरी मी. लोक मधूनच उठून जायचे, म्हणून चहाच्या आधीच कोऱ्या कागदाच्या तळाशी सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि वरचा मजकूर मी नंतर लिहायचा, अशी आमची पद्धत होती.

एका शुक्रवारी खोल्यांचे नियम निघाले. एका खोलीत फक्त पती-पत्नी किंवा सख्खी भावंडं राहतील, असा ठराव आला. आमच्यातले एक जण शेजारच्या फिंतास वस्तीत पंधरा वर्षं एका मित्राबरोबर राहत होते. मित्र वयाने थोरले, शाळेत शिक्षक.

"आणि आम्ही दोघं?" त्यांनी विचारलं.

"शेजारशेजारच्या खोल्या घ्या की."

"रात्री त्यांनी पडल्यापडल्या मला हाक मारायची, तर मध्ये भिंत कशाला?"

"अहो, मग लग्नच लावून टाका! मंगलाष्टकं मी म्हणतो."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसले नाहीत.

"माझा विरोध आहे. सेक्रेटरी, लिहून घ्या."

मी मान डोलावली.

बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा चार महिने मी त्या दोघांकडे जेवलो होतो. थोरल्यांना इन्सुलिन तेच टोचायचे. घरात पलंग एकच होता. त्यांचं नातं काय आहे ते मला कळलं होतं, आणि त्यांच्या हातची आमटी खाताना त्याचं काही वाटलंही नव्हतं.

तरी संध्याकाळी मी लिहिलं, "ठराव एकमताने मंजूर." या देशात असलं काही कागदावर नको, त्यांच्याच भल्यासाठी, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. विरोध नोंदवला असता तर कुजबुज झाली असती, आणि त्यांच्याकडे जेवणारा म्हणून लोकांनी माझ्याकडेही पाहिलं असतं.

दोघे नाशिकला परतले. काही वर्षांनी थोरल्यांना अर्धांगवायू झाला. आश्रमाने त्यांना एकट्यालाच घेतलं; दुसरी खोली रिकामी नव्हती आणि एका खोलीत दोघांना ठेवायला तो नियम आड आला. धाकट्यांनी तक्रार केली, तेव्हा व्यवस्थापकाने इतिवृत्त काढून यांचीच सही दाखवली.

यांनी मला कुवेतला फोन केला. "मी विरोध केला होता ना? तेवढं चार ओळीत लिहून फॅक्स करा."

"बघतो. फाइल शोधावी लागेल."

फाइल समोरच्या कपाटात होती. पुढचा फोन आला तेव्हा मी मुलीला हातानेच खूण केली. "डॅड इज नॉट होम, अंकल," ती म्हणाली. त्यानंतर फोन आला नाही.

थोरले आठ महिने जगले. यांना भेटीची वेळ चार ते सहा होती. थोरले गेले ते सकाळी.

आता मी त्याच आश्रमात राहतो. तो नियम काढून टाकावा का, यावर इथे भांडणं चालू आहेत. नको म्हणणारे माझंच इतिवृत्त वाचून दाखवतात: संस्थापकांचं एकमत होतं!

नव्हतं. एकाने विरोध केला होता आणि तो लिहून घ्यायला सांगितलं होतं. मी लिहिला नाही.

हे मी येत्या सभेत वाचणार आहे. एक प्रत त्यांना पाठवली आहे. ते नाशिक शहरात एकटे राहतात. खाली सही माझी एकट्याची आहे, मजकूर पूर्ण झाल्यावर केलेली.