आमची पुरणपोळी आता हॉटेलात

मंडळी, आज मन फार खचलंय, म्हणून लिहितेय.

इथे बनारसमध्ये मराठी यात्रेकरूंसाठी मी घरगुती खानावळ चालवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दरवर्षी कोल्हापूरहून यात्रेकरूंची बस आणणाऱ्या दादांचा आज सकाळी फोन आला. "वहिनी, यंदा आमचं जेवण नव्या हॉटेलात ठरलंय. तिथे पुरणपोळी अगदी तुमच्यासारखी मिळते."

राहवेना, म्हणून बघायला गेले. स्वयंपाकघरात रामनगरची सुशीला पोळ्या लाटत होती. माझ्याकडे कित्येक वर्षं कामाला होती. पुरण शिजवण्यापासून सगळं मीच शिकवलेलं. मागच्या महिन्यात "सास बीमार है" सांगून गेली, ती परत आलीच नव्हती.

मला बघून रडायलाच लागली. "दीदी, झूठ बोले थे हम. यहाँ नौकरी पक्की है."

पक्क्या नोकरीसाठीच माझा मुलगा खानावळ सोडून पुण्याला गेला. त्याला मी अडवलं नाही, मग हिला कुठल्या तोंडाने अडवू? तिचे डोळे पुसले आणि घरी आले.

दुपारी जेवायला कुणीच आलं नाही. संध्याकाळी दारावरची खानावळीची पाटी उतरवली.

तुमच्यापैकी कुणी असा मोडलेला धंदा पुन्हा उभा केलाय का? खरं सांगा. माझ्यात आता बळ उरलेलं नाही.