डब्यात भरलेलं सूत

"हाताला कळतं ते डोळ्याला दिसत न्हाय," असं नागप्पा म्हणायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, पाहुण्याला म्हणायचा, भाकरी करपली तर बायकोलाही म्हणायचा. त्याची बायको जगदेवी हे वाक्य लग्नापासून ऐकत आली होती, आणि तिचा त्यावर विश्वास होता. चालू इंजिनावर तळवा ठेवून तो डोळे मिटून उभा राही, तेव्हा तिला वाटे, हा जनावराची नाडी बघतोय.

अक्कलकोट रस्त्याला, टॉवेलच्या कारखान्यांची रांग संपते तिथं, लिंबाखाली त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मागच्या खोलीत संसार. एके काळी तिथं जीपा नि मॅटॅडोर दावणीच्या बैलांसारख्या उभ्या असत. मग गाड्यांच्या पोटात कॉम्प्युटर आले, टर्बो आले, लोक कंपनीच्या वर्कशॉपकडं वळले. हाताखालची माणसं एकेक करून गेली. जगदेवी शेजारच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. दुपारी घरी आली की स्टुलावर बसलेल्या नागप्पाचे हात आधी बघायची. बहुतेकदा ते स्वच्छ असत. मेकॅनिकचे हात दुपारी स्वच्छ असणं हे काही बरं लक्षण नव्हे.

अशात त्याचा भाचा विरेश आला. त्याची डिझेलची गाडी अक्कलकोट-गाणगापूरच्या भाविकांची ने-आण करायची, आणि त्याचं घर त्या गाडीवर चाले.

"मामा, टर्बोच्या पायपात ऑइल येतंय. फोनवर बघितलं, मधी एक डबा बसवत्यात. म्या मागवलाय. वर्कशॉपवाले असल्याला हात लावत न्हाईत. तुमी बसवता का?"

"न बसवायला काय झालं? तुज्या बापाच्या जीपचं इंजिन ह्या हातानं उतरवलंय."

"जीपला टर्बो नव्हता, मामा."

"तुला तरी कुटं अक्कल व्हती तवा," नागप्पा म्हणाला, आणि जगदेवी किती दिवसांनी हसली.

काम समजायला सोपं होतं. इंजिनाच्या पोटातली वाफ एका नळीतून परत टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, तोंडात जाते, जाताना तेलाचा बारीक फवारा सोबत नेते. ती नळी मधे तोडायची नि तिथं डबा जोडायचा. तेल डब्यात थांबावं, वाफ पुढं जावी. डब्यात तारेची गुंतवळ भरलेली जाळी होती. नागप्पानं ती उजेडाला धरली.

"ह्यातनं म्हैस जाईल. तेल कसलं थांबतंय." त्यानं जाळी उपसून काढली. "जगदेवी, सूत आन की."

सोलापुरात कशालाही सूत चालतं. हात पुसायला सूत, गळती बांधायला सूत, देवाच्या वातीला सूत. कारखान्यातला टाकाऊ गुंता गॅरेजवाले पोत्यानं नेतात. जगदेवीनं मात्र निवडून आणलं. रंगीत धागे वेचून टाकले, पांढरं मऊ तेवढं पदरात बांधलं. नागप्पानं ते अंगठ्यानं दाबून दाबून डब्यात भरलं. "आता थेंब जायचा न्हाय." टाकलेली जाळी तिनं उचलली, भांडी घासायला बरी होती.

डबा त्यानं टर्बोच्या धगीपासून लांब, बॅटरीच्या बाजूला पट्टीवर बसवला. नळ्या जोडल्या, क्लिपा आवळल्या. गाडी सुरू करून तळवा ठेवला, डोळे मिटले. मामा-भाचे पुढच्या कुंभारी गावापर्यंत जाऊन आले. टर्बोची नळी कोरडी होती.

बातमी गाडीवाल्यांच्या थांब्यावर गेली. चौकशीला कोणी ना कोणी येऊ लागलं. प्रभु नावाच्या ड्रायव्हरनं तर तसलाच डबा मागवला आणि गाडी आणून लिंबाखाली लावली. त्या संध्याकाळी जगदेवीनं हुग्गी केली. गव्हाच्या त्या गोड खिरीत तिनं हात सैल सोडून तूप घातलं. नागप्पा दोनदा मागून जेवला.

दुसऱ्या दिवशी वळसंगच्या पुढं विरेशच्या गाडीनं पांढरा धूर ओकला. त्यानं रेसवरचा पाय उचलला तरी इंजिन आपोआप पळत सुटलं. चावी काढली तरी थांबेना. आपलंच तेल पीत ते किंचाळत राहिलं, आणि एकदम मुकं झालं. प्रवासी उतरून शेतात पळाले होते. दोरानं ओढत गाडी लिंबाखाली आली.

नागप्पानं डबा उघडला. आतलं सूत तेल पिऊन फुगलं होतं, डांबरासारखा काळा घट्ट गोळा झाला होता. त्यानं वाफेची वाटच बुजवली होती. पोटात वाफ कोंडली, टर्बोतलं तेल माघारी उतरेना, ते थेट इंजिनात शिरलं. हे नागप्पाला कुणी सांगावं लागलं नाही. गोळा हातात घेऊन तो नुसता उभा राहिला.

"मामा, डब्यात जाळी व्हती की. कुटं हाय?"

जगदेवी आत गेली आणि मोरीतून जाळी घेऊन आली. ती एका बाजूनं चपटी झाली होती, तारेत राख अडकली होती. विरेशनं ती घेतली, बघितली, बोनेटवर ठेवली.

"सूत मी निवडलं," जगदेवी म्हणाली. "माजंबी चुकलं."

"तुजं काय न्हाय त्यात." नागप्पाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. मग तो भाच्याकडं वळला. "मी खोलतो, विरेश. पिस्टन बगतो. आजच लागतो कामाला."

विरेशनं शिवी दिली असती तर भांडण होऊन मिटलं असतं. तो गाडीच्या चाकाकडं बघत म्हणाला, "नको मामा. वर्कशॉपची गाडी येतीया न्यायला. तुमी नका हात लावू."

पलीकडं प्रभु आपल्या गाडीचं बोनेट हळूच खाली करत होता. "अण्णा, जरा भाडं आलंय. मग येतो."

"डबा ऱ्हायला तुजा. घिऊन जा," नागप्पा म्हणाला. प्रभुनं मान खाली घालून डबा उचलला.

प्रभुची गाडी रस्त्याला लागेपर्यंत नागप्पा थांबला. मग त्यानं हत्यारं पेटीत ठेवली, पेटी पायानं फळीखाली सारली आणि बाहेर पडला. कुंभारीच्या अंगाला त्याचं कुणी नव्हतं, तो तिकडंच चालू लागला.

विरेशनं एकदा मान वर करून बघितलं, मग तो फोनवर वर्कशॉपला पत्ता सांगू लागला. जगदेवी लिंबाखाली उभी होती. "अवो," एवढं तिच्या ओठापर्यंत आलं नि तिथंच राहिलं. ट्रकांच्या धुळीत त्याची पाठ दिसे, बुडे, पुन्हा दिसे. वळणापाशी ती दिसायची थांबली, तरी जगदेवी तिकडंच बघत राहिली.