कमलआत्याचं अजून ठरलेलं नाही

कमलआत्या गेल्याचा फोन मुबारकभाईंनी केला. सांगलीजवळ माधवनगरला तिच्या घराच्या भिंतीला लागून त्यांचं शिलाईचं दुकान आहे. दुपारचं जेवून ती जरा पडली आणि उठलीच नाही, एवढंच ते सांगू शकले. मी साताऱ्याहून लगेच गावी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळवलं. आत्या त्यांची थोरली बहीण. दादा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गेली व्हय... आन मत कुणाला दिलं ते शेवटपर्यंत सांगितलंच न्हाई बघ."

दुसऱ्या कुणाला हे विचित्र वाटेल. आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. कोरेगावच्या बाजूला आमचं गाव. ऊस, कारखाना, आणि एकाच चुलीवर जेवणारं भलंमोठं कुटुंब. घरात सतरा मतं, आणि ती सतराही एका गठ्ठ्यात पडायची. गठ्ठा कुणाचा ते दादा ठरवायचे. प्रचार संपला की ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, घसा खाकरायचे आणि चिन्ह जाहीर करायचे. का, हे कुणी विचारायचं नाही, कारण दादांनाही ते ठाऊक नसायचं. त्यांना कारखान्यावरून कुणीतरी सांगितलेलं असायचं. या हिशेबातलं अठरावं मत तेवढं हातातून निसटलेलं होतं, ते आत्याचं. नर्सिंग शिकून ती आधी माणदेशात नोकरीला गेली, मग माधवनगरच्या एका गिरणीच्या दवाखान्यात आली, आणि लग्न न करता तिथंच राहिली. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी त्या गल्लीत ती शेवटपर्यंत 'सिस्टर'च होती.

मत ठरवण्याची तिची पद्धत सगळ्या गल्लीला माहीत होती. प्रचाराला येणाऱ्यानं नुसता हात जोडून पुढं जायचं नाही. चपला काढायच्या, आत येऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं. लोकसभेला प्रश्न ठरलेला असे. "तुमचा माणूस निवडून आला, तर दिल्लीत जाऊन पहिला प्रश्न कोणता विचारणार?" निम्मे कार्यकर्ते इथंच गार पडत. कुणी म्हणे, "सिस्टर, तुमच्या गल्लीचं गटार करून देतो." ती शांतपणे म्हणे, "गटार ग्रामपंचायतीकडं असतं. दिल्लीत काय विचारणार?" मग माणूस चहा बशीत ओतून फुंकत बसायचा. शिवाय मागच्या निवडणुकीची पत्रकं तिनं एका औषधाच्या खोक्यात जपून ठेवलेली असत. ती काढून एकेक ओळ वाचायची आणि चष्म्यावरून बघायची. तपासून घ्यायला आलेला पेशंट खोटं सांगतोय का, हे ती तसंच बघत असणार.

गेल्या लोकसभेला मात्र तिची पद्धत पार कोलमडली. पाच वर्षांत पक्षांची इतकी मोडतोड झाली होती, की खोक्यातलं कुठलं पत्रक कुणाच्या नावावर धरायचं तेच तिला कळेना. एका रविवारी मी तिथंच होतो. एक गृहस्थ आले, चपला काढून बसले, पत्रक पुढं केलं. आत्यानं त्यांना निरखून पाहिलं.

"तुम्ही मागच्या खेपेला दुसऱ्या पक्षाकडून आला होता ना?"

"व्हय सिस्टर. मी त्योच हाय, पक्ष बदललाय."

"मग बरं झालं. दोन्ही पक्षांचं तुम्हीच सांगा. एका चहात होईल."

आणि त्या माणसानं खरोखर सांगितलं! आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं. दुसऱ्या बाजूचं बोलताना तो जास्त रंगात आला होता. तो गेल्यावर आत्या डोक्याला हात लावून म्हणाली, "विजू, या माणसाला तो स्वतः कुठं आहे तेच माहीत नाही रे. मी कसं ठरवू?"

त्यातच पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरी बसून मत देता येईल अशी सोय झाली होती. आत्याचे गुडघे गेलेले, वॉकरशिवाय चालता येत नव्हतं. मतदारयादीच्या कामाला आलेल्या बाईंनी अर्ज भरून घेतला. या मताचं पथक मतदानाच्या बरेच दिवस आधी येतं, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. एके सकाळी दारात जीप थांबली. दोन अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला, आणि आडोशाला लावायचा पुठ्ठा. गल्ली गोळा झाली. मी आदल्या दिवशीपासून तिच्याकडंच होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

"आजी, या. मत द्यायचंय," साहेब म्हणाले.

"आज नाही जमणार," आत्या म्हणाली. "माझं अजून ठरलेलं नाही."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. साहेबांनी घाम पुसला. "आजी, मतदार घरी नसला तर आम्हाला दुसऱ्यांदा येता येतं. शेवटचं. पण मतदार घरी आहे आणि त्याचं ठरलेलं नाही, असा रकानाच नाही आमच्याकडं! आणि अर्ज भरलाय म्हटल्यावर तुम्हाला आता केंद्रावर जाऊनही देता यायचं नाही."

म्हणजे मत जाणार होतं. मी घाबरून म्हणालो, "आत्या, दे ना कुणालाही." तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी उठून पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तर ती वॉकर घेऊन उभी राहिलेली. एकेक पाऊल टाकत ती उंबरा उतरली, पोलिसाच्या अंगावरून पुढं गेली आणि शेजारी मुबारकभाईंच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसली. तिथून मोठ्यानं म्हणाली, "आता मी घरी नाही. लिहा."

साहेबांनी एकदा रिकाम्या घराकडं पाहिलं, एकदा दहा फुटांवर बसलेल्या आत्याकडं. मुबारकभाई मशीन थांबवून अदबीनं म्हणाले, "साहेब, सिस्टर हितं हायेत. घरात न्हाईत. म्या साक्षीला हाय." साहेबांनी खाली मान घालून लिहिलं. जाताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "चार दिवसांनी येतो. तेवढं ठरवायला सांगा हो."

त्या चार दिवसांत आत्यानं मला पळता भुई थोडी केली. एका उमेदवाराची माणसं गल्लीत फिरकलीच नव्हती. ही गल्ली आपली नव्हे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "त्यांचं ऐकल्याशिवाय कसं ठरवू?" म्हणून तिनं मला त्यांच्या प्रचार कार्यालयात पिटाळलं. "आमच्या आत्याला एक प्रश्न विचारायचाय, कुणीतरी घरी चला," म्हटल्यावर तिथं सगळे माझ्याकडं संशयानं बघू लागले. मला कुणी पाठवलं, हे तिघांनी तीनदा विचारलं. शेवटी कोपऱ्यात पावत्या फाडत बसलेली एक मध्यमवयीन बाई उठली. ती आली, बसली, तिनं प्रश्न ऐकला आणि म्हणाली, "मला न्हाई माहीत. विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी ती खरंच परत आली आणि वहीत लिहून आणलेलं उत्तर वाचून दाखवलं. उत्तर तसं बेताचंच होतं. पण आत्या दिवसभर खुशीत. "इतक्या वर्षांत 'माहीत नाही' म्हणालेली ही पहिलीच बघ!"

पथक दुसऱ्यांदा आलं तेव्हा ती इस्त्रीचं पातळ नेसून बसली होती. पुठ्ठ्याच्या आड गेली... पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेब खाकरले. "आजी, झालं का?"

"वाचतेय. एवढी माणसं उभी राहिलीत, नाव तरी नको वाचायला?"

तिनं अपक्षांसकट सगळी नावं वाचली. मग मतपत्रिकेचं पाकीट स्वतः चिकटवलं, सगळ्यांना चहा पाजला, आणि जीप गेल्यावर पलंगावर टेकली. तेव्हा तिनं सांगितलं. मी न विचारता.

"माझं पहिलं मत होतं ना, तेव्हा चिन्ह विसरू नये म्हणून बाबांनी पेनानं माझ्या तळहातावर काढून दिलं होतं. मी नर्सिंग पास झालेली, विजू. औषधांची नावं इंग्रजीतून पाठ. आणि हातावर चित्र... घरी येऊन साबणानं घासघासून धुतलं. दोन दिवस जाईना." थोडं थांबून तिनं विचारलं, "तुला कोण सांगतं?"

"दादांचा फोन येतो."

"हातावर नाही ना काढत? मग ठीक आहे."

मी हसलो. ती हसली नाही. त्या वर्षी साताऱ्यात मत देताना मी यंत्रापुढं इतका वेळ उभा राहिलो, की आतल्या बाईंनी "काही अडचण आहे का?" म्हणून विचारलं. अडचण एवढीच होती की वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी स्वतः ठरवून मत पहिल्यांदाच देत होतो. कुणाला दिलं ते मी दादांना सांगितलं नाही. आत्यालाही नाही. तिनंही विचारलं नाही.

परवा आमच्याकडच्या निवडणुकीसाठी दादांचा फोन आला. आवाज अजून बसलेलाच आहे त्यांचा. "विजू, चिन्ह सांगतो, लिहून घे. सुनंला बी सांग." माझी बायको मनीषा भाजी निवडत होती. तिनं हात पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दादांसमोर तिनं कधी आवाज चढवला नाही. तेव्हाही चढवला नाही. "दादा," ती म्हणाली, "तुम्ही सांगाल त्याचा विचार करते मी. पण त्यालाच का, ते पण सांगा ना."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कसलेतरी कागद हलल्याचा आवाज आला, आणि दादा म्हणाले, "थांब गं जरा... चष्मा कुठं ठेवलाय बघतो. वाचून सांगतो."