अप्पांचा परवाना, माझं लायसन्स

गुजरातेत दारूबंदी आहे आणि माझ्या सासऱ्यांकडे परवाना आहे.

परवाना म्हणजे अगदी सरकारी, सही-शिक्क्याचा, तब्येतीच्या कारणावरून दिलेला. अप्पांना (म्हणजे सासऱ्यांना) झोप येत नाही, असं डॉक्टरांच्या मंडळानं तपासून ठरवलंय. अप्पा दुपारी दोन तास आणि रात्री नऊ तास झोपतात. पण मंडळासमोर गेले तेव्हा ते जागे होते, हे मात्र खरं! शिवाय अप्पा निवृत्त वकील. डॉक्टरांनीही फार उलटतपासणी केली नसावी.

त्या परवान्याची मुदत वाढवून आणणं, अप्पांना दुकानापर्यंत नेणं आणि परवाना सांभाळणं ही तिन्ही कामं जावयाची. "माझं पाकीट मी कुठेही विसरतो. तुमच्याकडेच असू द्या, जावईबापू," असं म्हणून त्यांनी तो माझ्या पाकिटात सारला. तिथे तो माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सला चिकटून सुखानं नांदत होता. मी स्वतः लिंबू सोड्याच्या पलीकडे कधी गेलो नाही. (सोड्याचासुद्धा ठसका लागतो.)

धुळेटीच्या (आपल्या धुळवडीच्या) दिवशी मामेसासऱ्यांकडे, घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत, जेवण होतं. अप्पांनी घरून निघतानाच 'औषध' घेतलं. जेवून परतताना मी गाडी चालवत होतो, अप्पा माझ्या शेजारी आणि बायको, वृंदा, मागे. माझे डोळे गुलालानं लालबुंद. वाटेत रस्त्याच्या मधोमध एक गाय बसलेली. मी ठरवलं डावीकडून काढावी, अप्पा ओरडले, "उजवीकडून!" आणि गाडीनं आम्हा दोघांचंही ऐकलं.

पुढच्याच चौकात हवालदार उभा होता. त्यानं हा नाच पाहिला होता. काच खाली केली मात्र, अप्पांचं औषध माझ्या तोंडावरून त्याच्या नाकापर्यंत गेलं.

"शुं पीधुं छे?" त्यानं विचारलं.

"मठ्ठो!" मी गुजरातीत अभिमानानं सांगितलं. "चार ग्लास!"

इथे माझा घात झाला. आपला मठ्ठा म्हणजे आलं-कोथिंबिरीचं ताक. गुजरात्यांचा मठो म्हणजे श्रीखंडाचा सख्खा भाऊ, वाटीत घेऊन चमच्यानं खायचा. थोडक्यात, लाल डोळ्यांचा एक माणूस सांगत होता की मी चार ग्लास श्रीखंड प्यायलो!

"मठो तो खवाय, भाई! पीवाय नहीं!" हवालदार अत्यंत मायेनं म्हणाला. लहान मुलांशी आणि झिंगलेल्यांशी माणसं याच आवाजात बोलतात. "चालो, लायसन्स काढो."

मी पाकीट उघडलं, रुबाबात कार्ड काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

तो वाचत राहिला. मग त्यानं दुसऱ्या हवालदाराला हाक मारली. दोघं मिळून वाचू लागले. गाडीच्या लायसन्सवर इतकं काय वाचण्यासारखं असतं, असा विचार करतोय, तोच मागून वृंदाचा आवाज आला.

"अहो, तुम्ही त्यांना अप्पांचा दारूचा परवाना दिलात."

"गाडीनुं लायसन्स माग्युं, तो दारूनी परमिट आपे छे!" पहिला दुसऱ्याला म्हणाला. गुन्हेगारानं स्वतःहून इतकं सहकार्य करावं, हे त्याच्या नोकरीत प्रथमच घडत असावं.

माझी नोकरी पंप विकण्याची. वाघोडियाच्या कारखान्यातले पंप आणि जिल्हाभरातली गिऱ्हाइकं यांच्यामध्ये मी आणि माझी गाडी. लायसन्स गेलं की नोकरी गेली आणि नोकरी गेली की मी अप्पांच्या शेजारच्या खाटेवर दुपारी झोपायला मोकळा!

"घाबरू नका, जावईबापू!" अप्पांच्या अंगात एकाएकी कोर्ट संचारलं. "मोटार वाहन कायदा, कलम एकशे पंच्याऐंशी. पहिला गुन्हा, सहा महिने कैद किंवा दहा हजार दंड."

"'किंवा' ना, अप्पा?"

"किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स निलंबित. किमान तीन महिने! आणि दारूबंदीचा गुन्हा आपल्याकडे वेगळा लागतो, बरं का. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षं आणि पंधरा हजार."

"अप्पा, तुम्ही नक्की कोणाचे वकील आहात?"

"मी कायदा सांगतोय. कायद्याला जावई नसतो!"

हवालदारानं फुंकायचं यंत्र आणलं. मी फुंकलं. ठसका. पुन्हा फुंकलं. यंत्र शून्य दाखवू लागलं. हवालदारानं ते मांडीवर आपटलं. पुन्हा शून्य.

"मशीन बगडी गयुं लागे छे," तो हिरमुसला.

"बघू इकडे!" म्हणत अप्पांनी खिडकीतून हात लांब करून नळी ओढली आणि छाती भरून फुंकलं. यंत्र असं किंचाळलं, की नाक्यावरची दोन कुत्री भुंकायला लागली.

"मशीन बराबर छे!" अप्पांनी समाधानानं निकाल दिला.

आता हवालदाराला सगळा उलगडा झाला. पिणारा वेगळा, चालवणारा वेगळा, पिणाऱ्याकडे परवाना. तो हसला, मीही हसलो. ताठ मानेनं खरं लायसन्स काढून दिलं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्याचं हसू पुन्हा बदललं.

"भाई, आनी मुदत तो गया महिने पूरी थई गई!"

अप्पांचा परवाना मी न विसरता, वेळेवर, रांगेत उभं राहून वाढवून आणला होता. माझं लायसन्स... ते तर माझ्याच पाकिटात होतं ना, मग त्याची काळजी कोण करणार!

"मुदत संपलेल्या लायसन्सचा दंड वेगळा असतो," अप्पा म्हणाले. "सांगू?"

"नका सांगू!"

पावती फाडून हवालदार म्हणाला, "हवे गाडी कोण चलावशे?" वृंदा मागचं दार उघडून उतरली, पर्समधून आपलं लायसन्स काढून तिनं त्याला दाखवलं आणि मला म्हणाली, "सरका." लग्नाआधीपासून तिच्याकडे लायसन्स होतं. तिला ब्रेकचा अंदाज नाही, असं म्हणून मीच कधी गाडी दिली नव्हती. मागच्या सीटवर बसलो तेव्हा कळलं, की तिला ब्रेकचा चांगलाच अंदाज आहे. रस्त्यात गाय बसलेली दिसली, की ती थांबते!

नवं लायसन्स हातात पडेपर्यंत नोकरी तर टिकवायची होती. म्हणून ती शिकवते त्या शाळेतून तिनं रजा काढली आणि मला जिल्हाभर फिरवलं. मी पंपाची माहिती सांगत असे. ती बाहेर गाडीत न बसता आत येऊन गिऱ्हाइकाच्या बायकोशी विहिरीबद्दल, पाण्याबद्दल, मुलांबद्दल गप्पा मारत असे. नवं लायसन्स आलं तसा मी एकटाच ऐटीत निघायच्या तयारीला लागलो. तेवढ्यात पादरा गावच्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"साहेब, बीजा दस पंप जोईए छे. पण तमे तकलीफ ना लेशो, वृंदाबहेन एकलां आवे तो चालशे!"