मशीन तडतडलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही — ते गेले तेव्हासुद्धा ओठांवर आलेलं गिळलं. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

अजून महाराष्ट्र झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. आम्ही मुलुंडला, दोन खोल्यांत. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. पण कान शाबूत, समज शाबूत — हे लक्षात ठेवा बरं का.

वाईट होत्या का त्या? छे हो. कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त — मी केलेल्या प्रत्येक भाजीत, न चाखता, सगळे पानावर बसले की वरून चिमूटभर मीठ घालायच्या. "हं, आता जेवा," म्हणायच्या. आठ वर्षं. हसू आलं ना? एवढ्याशा गोष्टीचं काय ते, असंच वाटणार. त्या अंथरुणाला खिळल्या आणि पहिल्यांदा घर माझ्या हातचं जेवलं.

चार महिन्यांनी मोठ्या इस्पितळात त्यांच्या हाताच्या स्नायूंची तपासणी झाली. हे बाहेर बाकावर, आत मी. मशीन कपाटाएवढं, त्याला रेडिओसारखा आवाजाचा डबा. डॉक्टरांनी कोपराखाली तारेची सुई टोचली. हात उचला — काही नाही. मूठ वळा — काही नाही. मग काय सुचलं त्यांना कोण जाणे, म्हणाले, "आजी, भाजीत चिमूटभर मीठ घाला बघू."

बोटं हलली नाहीत. पण मशीन तडतडलं — तेलात मोहरी पडावी तसं.

डॉक्टर खूश! स्नायूला निरोप पोचतोय म्हणाले. रोज सकाळ-संध्याकाळ बोटं उघडा-मिटा, त्यांनाही जोर लावू द्या, महिन्याने परत आणा. हात येईल, अशी आशा आहे.

आशा — कुणाला?

बाहेर आलो. ह्यांनी विचारलं, "काय गं, काय म्हणाले?" आणि मी, त्यांच्या आईच्या देखत, म्हटलं, "काही उरलं नाही म्हणे त्या हातात. उगाच त्रास देऊ नका म्हणाले." सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. तोंड उघडलं, नुसता घोगरा आवाज निघाला. "रडू नकोस गं आई," हे म्हणाले. रडत कुठे होत्या त्या?

पुढे एका दुपारी पाणी द्यायला गेले, तर चादरीखाली काहीतरी हलत होतं. डाव्या हाताने त्या उजव्याची बोटं एकेक करून उघडत होत्या — मिटत होत्या. किती दिवस चाललं होतं, देव जाणे. डॉक्टरांचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. कुणाला सांगता येत नव्हता, एवढंच.

मला बघून थांबल्या. मी पाणी ठेवलं. डावा हात उचलून बाजूला केला, आणि चादर दोन्हीकडून गादीखाली खोचली — घट्ट.

त्या जाईपर्यंत रोज खोचत होते. तीन वर्षं.