दाजींचं नाव

आमच्या अक्कानं नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं, त्यानंतर अकरा वर्षं घेतलं नाही. भोरजवळच्या आमच्या उत्रोलीत कुठलीच बाई घेत नसे. नाव घेतलं की घरधन्याचं आयुष्य कमी होतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. उखाण्यात घेतलं तर बाधत नाही, एवढीच सवलत.

दाजी आफ्रिकेत रेल्वेच्या कामावर होते. तिथून त्यांच्या सोबत्याचं पत्र आलं: छातीचं दुखणं बळावलंय, बाईंना पाठवून द्या, उशीर करू नका. सोबत्याची बायको पुढच्या महिन्याच्या आगबोटीनं निघणारच होती, तिच्याबरोबर अक्कानं जायचं ठरलं. त्या मुलखावर ज्या परदेशी सरकारचा अंमल होता, त्यांच्या मुंबईतल्या वकिलातीचा परवाना तेवढा हवा होता. मी गावच्या शाळेत मास्तर, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. मला वाटलं, दोन दिवसांत उरकेल. शहाणा होतो ना!

पहिल्या खेपेला वकिलातीचं दारच बंद. त्यांच्या देशाचा कसला तरी सण होता. दुसऱ्या खेपेला सकाळपासून बाकावर बसलो, आणि बाराला दहा मिनिटं असताना खिडकीतल्या कारकुनानं आमचा कागद दोन बोटांत धरला.

"भोर संस्थान? हा कुठला शिक्का? इंग्रज सरकारचा आणा."

भोरात ज्या शिक्क्यापुढं माणसं हात जोडून उभी राहत, तो त्यानं परत सरकवला आणि खिडकी लावून घेतली. इंग्रजांचा शिक्का मिळवायला तीन आठवडे गेले. तिसऱ्यांदा निघालो तर पुण्याच्या वाटेवर शिवऱ्याजवळ सर्व्हिस मोटार बंद पडली. अक्का खाली उतरून पदरानं डोळे पुसत उभी राहिली. बोट चार दिवसांवर आली होती.

या वेळी सगळे कागद बरोबर होते. कारकून म्हणाला, "अर्जदार बाईंनी एकटीनंच पुढं यायचं." तो आपल्यातलाच, मराठी बोलणारा. शेजारी गोरा साहेब सहीला बसला होता.

"नवऱ्याचं नाव?"

अक्कानं त्याच्या पुढ्यातल्या कागदाकडं बोट दाखवलं.

"बाई, नाव सांगा."

"कागदात हाय की, रावसाहेब."

"तुमच्या तोंडून पाहिजे. नियम आहे."

"माजा भाऊ हितं बसलाय, त्यो सांगंल."

"भावाला विचारलेलं नाही मी."

तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मग पदर सारखा केला, मान खाली घातली आणि उखाणा सुरू केला. "नीरंच्या काठाला आंबेमोहर भात..."

"गाणी नकोत! इथं काय लग्न लागलंय?"

बाकावरची माणसं हसली. अक्काचं तोंड मिटलं ते मिटलंच. मला राहवलं नाही. मी उठून दाजींचं नाव ओरडून सांगितलं. तीच माझी चूक. साहेबानं कारकुनाला काही विचारलं, कारकुनानं काही सांगितलं, आणि शिपायानं माझा दंड धरून मला बाहेर काढलं. बाईला नवऱ्याचं नाव ठाऊक नाही, भाऊ बाहेरून पढवतो, असा शेरा कागदावर पडला. दोन महिन्यांनी पुन्हा या म्हणाले.

त्या कारकुनाची बायकोही त्याला घरी "अहो" म्हणूनच हाक मारत असणार. साहेबाला एक वाक्य समजावून सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडत होतं? मला अजून त्याचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

परतीच्या गाडीत अक्का एवढंच बोलली, "म्या घेतलं असतं रं. पर त्यास्नी काय झालं असतं तर?"

बोट गेली. पुढच्याच महिन्यात सोबत्याचं दुसरं पत्र आलं. भोरच्या पोस्टातून मी ते आणलं तेव्हा अक्का ओसरीवर तांदूळ पाखडत होती. माझ्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं. तिनं सूप खाली ठेवलं.

मग तिनं दाजींचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव, पुढं सासऱ्यांचं नाव, पुढं आडनाव, वकिलातीच्या त्या खिडकीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात.

"आत्ता लिवून घ्या म्हणावं," ती मला म्हणाली.